आमची फेज वेगळी

लाइट बिलावर मी इतकी पत्रकं लिहिली आहेत की भांडुपच्या आमच्या टेकडीवर एखाद्या दुकानात अजूनही त्यांच्या पुड्या बांधत असतील. पत्रकाचं एक तंत्र असतं. पहिल्या ओळीत प्रश्न, दुसऱ्या ओळीत शिवी वाटणार नाही अशी शिवी, आणि शेवटी उद्गारचिन्हं, परवडतील तेवढी. मला ते जमायचं, अजूनही जमतं. हे पत्रक नाही, त्यामुळे जरा अडखळत लिहिते आहे.

लॉकडाऊन लागला आणि मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस यायचा बंद झाला. त्याचं बरोबर होतं, टेकडीच्या पायथ्याला पत्रे ठोकून रस्ताच बंद केला होता. कंपनीने मग अंदाजाने बिलं लावली. रस्ता उघडला तेव्हा सगळ्या महिन्यांचा हिशेब एकदम करून जे बिल पाठवलं, ते बघून लोकांनी आधी त्यावरचं नाव तपासलं, आपलंच आहे ना म्हणून. कंपनी म्हणायची, स्लॅबचा फायदा दिलेला आहे. तो फायदा बिलावर नेमका कुठे आहे हे काउंटरवरच्या माणसालाही बोट ठेवून दाखवता येत नव्हतं. सरकारने सवलतीचं गाजर दाखवलं, ते आम्ही बरेच दिवस पाहिलं, आणि मग सरकारनेच ते खाऊन टाकलं.

मी संतापले होते. आजही आहे. बिल चुकीचं होतं, हे मी आजही कुठेही उभी राहून सांगेन. माझ्या पहिल्या पत्रकाचं पहिलं वाक्य होतं: ‘घरात बसा म्हणालात, बसलो. दिवे घालवा म्हणालात, घालवले. मग हे बिल कुठल्या उजेडाचं?’ हे वाक्य लोकांना पाठ झालं होतं. भाजीवालीसुद्धा म्हणायची, कुठल्या उजेडाचं गं, आणि हसायची.

आमची चाळ एकमजली. वर गॅलरी, गॅलरीला लागून ओळीने खोल्या, आणि सगळ्यांचे मीटर जिन्याखालच्या एका लाकडी पेटीत. बाबा लॉकडाऊनमध्ये कसेबसे मालवणला गेले ते तिकडेच रमले, त्यामुळे घरात आई आणि मी. आई एका खाजगी हॉस्पिटलात आया आहे. तो प्लास्टिकचा अंगरखा घालून ती दिवसभर ड्यूटी करायची आणि परत आल्यावर जिन्याखालीच हातपाय धुऊन वर यायची. लोक तिला वाट देताना जरा जास्तच वाट द्यायचे. पण पगार येत होता. हे वाक्य मी तेव्हा कुठेच लिहिलं नाही, कारण मला ते दिसतच नव्हतं. आमच्या घरात पगार येत होता.

शेजारच्या खोलीत काकू. माहेर-सासर दोन्ही बीडकडचं, नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन चेंबूरला. मुलुंडच्या तीन-चार घरांत पोळ्या लाटायला जायच्या. सोसायट्यांनी कामवाल्या बायकांना गेटातून आत सोडायचं बंद केलं, तेव्हा ही कामं गेली. पिझ्झा घेऊन येणारी पोरं आत जात होती, पोळ्या करणाऱ्या बाया नाही. यावरही मी एक पत्रक लिहिलं होतं. काकूंनी मात्र पत्रकाची वाट पाहिली नाही. भावाकडे पडून असलेली घरघंटी त्यांनी टेम्पोतून आणवली, तीच ती घरात ठेवायची छोटी पिठाची गिरणी, आणि दाराशी बसून चाळीचं दळण दळायला सुरुवात केली. लोकांना खाली बाजारात जायची भीती होती, काकूंची घरघंटी चालली. अर्थात त्यांचं बिल आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त आलं.

आम्ही वस्तीच्या समितीतल्या पोरापोरींनी ठरवलं की बिल भरायचंच नाही. घरोघर गेलो. ‘एक पैसाही भरू नका’ हा मथळा माझाच. टेकडीच्या नाक्यावर बिलांची होळी ठेवली. निघताना आई म्हणाली, झेरॉक्स घेऊन जा, ओरिजिनल राहू दे घरी. मी हसले. आईचं सगळंच असं, शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत, ओरिजिनल कधी बाहेर काढायचं नाही. झेरॉक्स तर झेरॉक्स, म्हणून मी घेऊन गेले, भाषण केलं आणि ती टाकली आगीत. माझ्यानंतर लगेच काकू पुढे आल्या. त्यांनी ओरिजिनल टाकलं. टाकताना त्यांनी ते घडी न घालता उभं धरलं होतं, सगळ्यांना दिसेल असं, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, “ए पुढारीण, बघ, नाव वाचून घे.” मी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर बरेच महिने काहीच झालं नाही. कोणी लाइट कापायला आलं नाही. मला वाटलं, आपण जिंकलो. समितीच्या पोरांनी तर तसं लिहिलंही. नवी बिलं येत होती, त्यांवर जुनी बाकी चढत होती, आणि आम्ही गॅलरीत उभं राहून त्यांची विमानं करून सोडत होतो.

मग थकबाकीदारांची लाइट कापायचा हुकूम आला.

आमच्याकडे आले त्या दिवशी मी टेकडीवर नव्हतेच. मुलुंडला एका दुसऱ्या वस्तीत, कापायला आले तर काय करायचं, हे समजावत होते. संध्याकाळी जिना चढून वर आले तर गॅलरी अंधारात. सगळे बाहेर येऊन बसलेले, कुणी कठड्यावर, कुणी पायरीवर, हातात पुठ्ठ्याचे पंखे. दुपारी माणसं आली, मीटरपेटी उघडली, पक्कडीने वायरी तोडल्या आणि गेली, एवढं मला कळलं. आणि मी, थकून आले होते तरी, तिथेच बोलायला लागले. घाबरायचं नाही. उद्या सगळ्यांनी मिळून ऑफिसवर जायचं. एकाची कापली तर सगळ्यांची कापली असं समजायचं. मला आठवतं, मी फार चांगलं बोलत होते. समोर सगळ्यांचे चेहरे स्पष्ट दिसत होते, शेवटच्या खोलीतले रिक्षावाले काका, त्यांच्या मांडीवरचा नातू, काकूंच्या कपाळावरचा घाम.

ते चेहरे इतके स्पष्ट का दिसतायत हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. उजेड माझ्या पाठीमागून येत होता. आमच्या दारातून.

मी वळून पाहिलं. आमची ट्यूब चालू होती. पंखा फिरत होता. आई आत बसून मेथी निवडत होती आणि मान वर करत नव्हती.

कोणीतरी मला शिव्या घातल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं, त्याची मला सवय आहे. पण काकूंनीच गप्पांतल्यासारखं, सहज म्हटलं,

“यांची फेज वेगळी असेल.”

मुंबईत चाळीत राहिलेल्याला हे सांगायला नको. अर्ध्या इमारतीत लाइट असते, अर्ध्यात नसते, तेव्हा लोक म्हणतात एक फेज गेली, आणि ज्याच्याकडे लाइट असते त्याला म्हणतात तुमची फेज वेगळी. त्यात कोणाचा दोष नसतो. पण इथे फेज गेली नव्हती. खाली पेटीत वायरी तोडून लोंबत होत्या, ज्यांच्या तोडल्या त्यांनी त्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आणि तरी मी मान डोलावली. हो, असेल, म्हणाले.

रिक्षावाले काका अंधारात हसले. “पुढाऱ्यांची फेज वेगळीच असते,” म्हणाले. पोरं हसली, मीही हसले. तेवढ्यावर विषय संपला आणि मी घरात गेले.

दार लावून घेतलं आणि आईवर फिरले. भरलंस ना? तिने मेथीच्या काड्या बाजूला केल्या. हो, म्हणाली, दर महिन्याला भरते, स्टेशनजवळच्या सेंटरवर, ड्यूटीवरून येता येता. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण माझ्या तोंडून ‘गद्दारी’ असा शब्द गेला एवढं आठवतं. मी माझ्या आईशी पत्रकात बोलत होते.

“माका शिकवू नको,” आई म्हणाली. रागावली की ती मालवणीत जाते, मग परत येते. “माझ्या बापाने गिरणीच्या संपात नेत्याचं ऐकलं. नेत्याच्या घरी चूल पेटत होती, आमच्याकडे नाही. मी तेव्हाच ठरवलं होतं. तुझी चळवळ तुझ्या नावावर आहे ना? कर तू. मीटर माझ्या नावावर आहे.”

तिच्या त्या वाक्यात नेता मी होते, आणि चूल पेटलेलं घरही आमचंच होतं. हे तिला दिसत होतं की नाही कोण जाणे. मला दिसलं.

तेवढ्यात दार वाजलं. काकू होत्या, हातात गुंडाळलेली काळी वायर. त्या आत आल्या नाहीत, उंबऱ्यावरूनच आईशी बोलल्या. पापडाचा सीझन होता. खालच्या बचत गटाने उडदाची डाळ त्यांच्याकडे दळायला दिली होती, मोठी ऑर्डर, आणि गटाच्या बायका सकाळी पीठ मळायला बसणार होत्या. पीठ मिळालं नाही तर त्या नाक्यावरच्या गिरणीत जाणार, आणि एकदा तिकडे गेल्या की परत यायच्या नाहीत. हे सगळं काकूंनी न रडता, न विनवता सांगितलं. मग म्हणाल्या, “वहिनी, तुमच्या फेजवरनं एक वायर घेऊ का?”

आईने वायर घेतली आणि आमच्या फ्रीजची पिन काढून तिथे खोचली. वायर आमच्या दारातून गॅलरीत, लोकांच्या पायांमधून काकूंच्या खोलीत गेली. काका नातवाला म्हणाले, पाय उचल रे, लाइट चाललीय.

घरघंटी सुरू झाली आणि आमचा खटका पडला. तिचा भार आमच्या जुन्या वायरिंगला झेपेना. आईने पंखा बंद केला, खटका वर केला, परत पडला. ट्यूब बंद केली. मग कुठे घरघंटी चालली. म्हणजे काकूंचं दळण चालू राहायचं तर आमच्या घरात काहीच चालू ठेवता येत नव्हतं. आई आणि मी अंधारात जेवलो. बाहेर सगळी गॅलरी अंधारात, आणि सगळ्या अंधारातून काकूंच्या गिरणीची घरघर, उडदाच्या पिठाचा तो कोरडा वास.

आणि मला बरं वाटलं. खरं सांगते, मला फार बरं वाटलं. आता आपल्याकडेही उजेड नाही, आता बाहेर गेलं तरी चालेल, असं वाटून मी गॅलरीत जाऊन लोकांत बसले, पुठ्ठ्याने वारा घेतला, डासांवरून विनोद केला. दुसऱ्याचं दळण होतंय म्हणून नाही, आपण झाकले गेलो म्हणून बरं वाटलं. सगळ्या प्रकरणातली दुसरी कुठलीही गोष्ट आठवली की मी स्वतःशी वाद घालते, ही आठवली की नाही घालत.

सकाळी पीठ गटाकडे पोचलं. काकू आपली वायर काढून न्यायला आल्या तेव्हा आई ड्यूटीवर गेली होती. मी ठरवून ठेवलं होतं की सांगायचं. काकू, आमची फेज वेगळी नाही, असं म्हणाले आणि पुढचं वाक्य जुळवत होते, तर त्यांनीच थांबवलं.

“अगं, माहिती आहे. दिवाळीच्या आधी तुझ्या आईला सेंटरवर रांगेत पाहिली मी. मी पण गेले होते, हप्ते पाडून देतात का विचारायला. पहिला हप्ताच एवढा सांगितला की परत आले.”

मग तुम्ही तेव्हाच मला का नाही विचारलंत, मी म्हणाले. तुमच्या घरचं भरताय आणि आम्हाला नको म्हणताय, असं तोंडावर का नाही म्हणालात.

काकू वायरच्या गुंडाळीला गाठ मारत होत्या. “कशाला म्हणू? माझ्याकडे भरायला होतंच काय? तू आली, म्हणाली, भरू नका. तेव्हा जीवाला बरं वाटलं. आधी मला भरता येत नव्हतं. तू आल्यावर मी भरत नव्हते.”

एवढं बोलून त्यांनी वायर खांद्याला अडकवली. मग म्हणाल्या, आज ऑफिसला जाऊ, तू चल सोबत. पण बोलायचं नाही. नुसती उभी राहा.

मी आयुष्यात पहिल्यांदा त्या ऑफिसात घोषणा न देता उभी राहिले. काउंटरवरच्या माणसाने मला ओळखलं, भुवई उडवली, आणि मी खाली पाहिलं. त्याने काकूंना बिल मागितलं. नाही म्हणाल्या. कुठे गेलं? काकूंनी क्षणभरही वेळ न लावता सांगितलं, उंदरांनी खाल्लं. तो माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, भांडुपला उंदीर फार झालेत. काकू म्हणाल्या, हो ना, तुम्ही औषध टाका ना कधीतरी. तो हसला, आणि हसल्यामुळे असेल, कॉम्प्युटरमध्ये नावावरून शोधायला तयार झाला. पहिला हप्ता बचत गटाच्या दळणातून जाणार होता. त्याने सांगितलं की हप्त्यासाठी अर्ज लागेल, हाताने लिहिलेला चालेल, न भरण्याचं कारण टाकून. आज भरलं तर उद्या जोडायला माणूस पाठवतो.

बाहेर पायरीवर बसून मी काकूंचा अर्ज लिहिला. ‘मा. साहेब’ लिहिलं. ‘नम्र विनंती’ लिहिलं. मग कारणाशी आले आणि सवयीने लिहायला लागले की अवाजवी व अन्यायकारक बिलाच्या निषेधार्थ. काकूंना वाचता येतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. ते खोड, म्हणाल्या. लिही, काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माणूस आला, काकूंची वायर जोडून गेला. घरघंटीचा आवाज ऐकून गॅलरी दारात जमली. मी बाहेर गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं की आमच्या घरचं बिल पहिल्यापासून भरलं जात होतं. मला वाटलं होतं, आता काहीतरी फुटेल. रिक्षावाले काका म्हणाले, ते जाऊ दे गं, अर्ज कसा लिहिला ते सांग. काउंटर किती वाजता उघडतं? पहिला हप्ता कमी करून देतात का, हात जोडले तर?

मग मी कठड्याला पाठ टेकून बसले आणि एकेकाचा अर्ज लिहू लागले. इतके महिने मी या लोकांच्या घरी गेले, चहा प्यायले, त्यांच्या वतीने लिहिलं, त्यांच्या वतीने ओरडले. माझ्या प्रत्येक पत्रकात सगळ्यांचं कारण एकच होतं, आणि ते मी ठरवलेलं होतं. आता प्रत्येकाला विचारावं लागत होतं, कारण काय लिहू, आणि विचारताना माझी मान वर होत नव्हती. एकीचा नवरा गोरेगावच्या स्टुडिओत सेट उभे करायचा, शूटिंग बंद पडलं होतं. एकाने भावाच्या ऑक्सिजनच्या बाटल्यांत सगळं घातलं होतं, भाऊ वाचला नव्हता. हे मला शेजारी राहून माहीत नव्हतं. बिल चुकीचं आलं म्हणून भरलं नाही, असं कोणीही म्हणालं नाही.

शेवटी काका बसले समोर. नातवाला मांडीवरून उतरवलं, टोपी काढली, जसं काही मीच साहेब आहे. मी विचारलं, काका, कारण?

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. रिक्षा बंद होती असं लिहू का, मी म्हणाले. मानेनंच नको म्हणाले.

“रिक्षा काय, नंतर चालू झाली ती. तू सरळ लिही. पैसे नव्हते. तेवढंच लिही, पुढे काही लावू नको.”

मी तेवढंच लिहिलं आणि पुढे पूर्णविराम दिला.